१६के चा स्पेक्ट्रम ४८के करताना: पाचव्या बिटचं प्रकरण

मशीन: सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, १६के (१६ किलोबाइट मेमरीचा), इश्यू २ बोर्ड (बोर्डाची दुसरी आवृत्ती). मालक: लेस्टरमधले एक काका, मूळचे कोल्हापूरकडचे. काम: रिकाम्या सॉकेटमध्ये मेमरी चिप्स बसवून ४८के करणे. सामान काकांकडेच होतं, १९८४ मध्ये पोस्टाने मागवलेलं अपग्रेड किट, पाकीट फोडून बघितलेलं पण कधी बसवलेलं नाही. काम झालं, पण मधे जो घोळ निघाला तो इतका मस्त आहे की नीट लिहून ठेवावासा वाटला, कारण मशीन स्वतः "सगळं ठीक आहे" म्हणत होतं आणि ठीक नव्हतं.

ज्यांनी स्पेक्ट्रम फक्त फोटोत बघितलाय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एप्रिल १९८२ मध्ये हा आला तेव्हा १६के वाला १२५ पाउंडांना आणि ४८के वाला १७५ ला होता, पुढच्या वर्षी किमती उतरून ९९.९५ आणि १२९.९५ झाल्या. रबरी बटणं, झेड८० प्रोसेसर, जोडणी डंडीच्या टायमेक्स कारखान्यात. प्रोसेसरला दिसणाऱ्या ६४के पत्त्यांच्या नकाशात पहिले १६के रॉम (कायमची, फक्त वाचायची मेमरी), मग १६३८४ ते ३२७६७ खालची रॅम (लिहिता-वाचता येणारी मेमरी), आणि ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंत वरची रॅम, जी १६के मॉडेलमध्ये नसतेच. खालच्या १६के मधले ६९१२ बाइट तर स्क्रीनच खातो, इतर हिशोब वजा जाता बेसिक प्रोग्रामला साधारण ९के उरतात. काकांनी तेव्हा त्यांच्या मंडळाच्या मेंबरांची यादी, पत्ते, फोन, गणपतीची वर्गणी असं सगळं त्यात घालायचा घाट घातला होता आणि ९के मध्ये ते मावेना, म्हणून किट मागवलं. मग नोकरी बदलली, घर बदललं, आणि किट पिशवीतच राहिलं. (भारतात डेसिबेल्स या कंपनीने लायसन्सवर जो स्पेक्ट्रम प्लस विकला तो मुळातच ४८के, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना हे रिकामे सॉकेट सहसा बघायला मिळाले नाहीत.)

"अरे, चिप्सच तर खोचायच्या आहेत, अर्ध्या तासाचं काम," काका म्हणाले. म्हटलं काका, तुम्ही चहा ठेवा, बघू.

आता या वरच्या रॅमची गंमत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खालच्या १६के साठी ४११६ नावाच्या आठ चिप्स असतात, प्रत्येक चिप एक बिट सांभाळते, आठ मिळून एक बाइट. वरच्या ३२के साठी मात्र सिंक्लेअरने ४५३२ चिप्स वापरल्या, आणि ४५३२ म्हणजे खरं तर ६४ किलोबिटची चिप जिचं अर्धं खराब निघालं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आणि ओकीकडे अशा अर्ध्या नापास चिप्स असायच्या, त्या वेगळ्या नंबराने स्वस्तात विकल्या जायच्या, ३२के पुरतं चांगलं अर्धं वापरायचं आणि दुसऱ्याकडे बघायचंच नाही. कुठलं अर्धं चांगलं आहे ते चिपच्या नावात असतं, टीआयच्या बाबतीत शेवटचा आकडा ३ किंवा ४: टीएमएस ४५३२-२०एनएल३, टीएमएस ४५३२-२०एनएल४. आणि बोर्डावर एक छोटी वायरची लिंक असते, ती जशी लावाल तसं आठही चिप्सचं तेच अर्धं वापरलं जातं. म्हणजे आठही चिप्स एकाच जातीच्या हव्यात. कंजूषपणा म्हणा किंवा हुशारी म्हणा, मला तरी ही आयडिया जाम आवडते.

किटमध्ये आठ रॅम चिप्स आणि चार लॉजिक चिप्स: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२ आणि एक ७४एलएस००. लॉजिकवाल्या कशाला तर या रॅमला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो, आधी रांग, मग कॉलम, ते आळीपाळीने पुढे करायचं काम १५७ करतात, आणि "हा पत्ता वरच्या रॅमचा आहे का" हे ठरवायचं काम उरलेल्या दोन. या चार नसतील तर रॅम बसवून काही उपयोग नाही.

मशीन उलटं करून खालचे पाच स्क्रू काढले. वरचा भाग उचलताना सावकाश, कारण कीबोर्डच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची, बोर्डात खोचलेल्या असतात आणि एवढ्या वर्षांनी त्या पापडासारख्या कडक होतात, वाकवल्या की तुटल्या. त्या सरळ वर ओढून सोडवल्या. आत बोर्ड स्वच्छ. झेड८० च्या पाठीवर एक ट्रान्झिस्टर आडवा सोल्डर केलेला दिसला, काका घाबरले की कोणी आत हात घातलाय का, पण नाही, इश्यू २ वर ती दुरुस्ती कारखान्यातूनच यायची. बारा सॉकेट रिकामे, धूळ मात्र चिक्कार.

इथे मी लगेच चिप्स खोचल्या नाहीत. आधी मशीन आहे तसं १६के म्हणून चालतंय का ते बघितलं, कारण नंतर काही बिघडलं तर आधीचं की आत्ताचं हे कळायला हवं. चाललं. मग प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३, असं टाइप केलं (पीक म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत वाचणे), म्हणजे मशीनला किती मेमरी दिसते त्याचा शेवटचा पत्ता मिळतो. उत्तर ३२७६७. बरोबर, १६के.

दुसरी तपासणी व्होल्टेजची, आणि ही कोणीही चुकवू नये. ४११६ आणि ४५३२ दोन्ही सोळा पायांच्या, दिसायला सारख्या, पण ४११६ ला तीन सप्लाय लागतात: १ नंबरच्या पायावर उणे ५ व्होल्ट, ८ वर १२ व्होल्ट, ९ वर ५ व्होल्ट. ४५३२ किंवा ४१६४ (तीच ६४ किलोबिटची चिप, पण पूर्ण चांगली) ला फक्त ५ व्होल्ट, आणि ते येतात ८ नंबरच्या पायावर. म्हणजे चुकून नवीन चिप खालच्या रॅमच्या जागी गेली तर ५ च्या जागी १२ बसले, विषय संपला. म्हणून मशीन चालू ठेवून प्रत्येक रिकाम्या रॅम सॉकेटच्या ८ नंबरवर मीटर लावून ५ व्होल्ट आहेत ना ते बघितलं, १६ नंबर ग्राउंड आहे ना ते बघितलं. मग पॉवरची वायर काढून ठेवली. स्विच नसतोच या मशीनला, वायर काढणे म्हणजेच बंद करणे.

सॉकेट साफ करायला आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रश, आणि मग एक भंगार सोळा पायांची चिप प्रत्येक रॅम सॉकेटमध्ये दोन-तीनदा घालून काढली, त्याने आतल्या पट्ट्या घासल्या जातात. हे फार उपयोगी आहे, स्प्रे मारून जे होत नाही ते याने होतं. किटमधल्या चिप्सचे पाय काळे पडले होते, चांदीचा मुलामा असला की तो काळवंडतो, ते साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसले. जोर लावायचा नाही, जुने पाय एकदा वाकवून सरळ केले की मुळातून मोडतात. चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात, सॉकेटमध्ये थेट बसत नाहीत, म्हणून चिप आडवी धरून आठही पाय टेबलाच्या सपाट पृष्ठावर एकदम टेकवून किंचित आत वळवायचे, मग दुसरी बाजू. एकेक पाय पकडीने वळवत बसलात की एखादा वेडावाकडा राहतोच आणि दाबताना चिपच्या पोटाखाली दुमडला जातो, वरून बघून कळतसुद्धा नाही.

स्टॅटिकबद्दल एक. इंग्लंडात हिवाळ्यात हीटिंग चालू, हवा कोरडी, खाली नायलॉनचा गालिचा, अशा खोलीत चालत येऊन चिपला हात लावणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण. काकांच्या स्वयंपाकघरात लादी होती, तिथे बसलो, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावला. काकू म्हणाल्या पोळ्या लाटायच्या वेळी कुठे बसताय, पण जागा दिली.

आधी चार लॉजिक चिप्स बसवल्या, खाच बोर्डावर छापलेल्या खुणेकडे. चालू केलं, अजूनही १६के म्हणून नीट उठतंय. बंद. मग लिंक. काकांच्या पिशवीतली सगळ्यात वरची चिप ४ वाली होती, खालच्या पण चाळून बघितल्या, छपाई फिकट आणि अर्धवट पुसलेली, पण जेवढं वाचता आलं ते ४ च. लिंक टीआयच्या ४ साठी सोल्डर केली. मग आठ रॅम, एका टोकापासून, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब, आधी एक टोक मग दुसरं असं नाही. चालू केलं. काळा पडदा, लाल रेघा, आणि मग ओळखीची कॉपीराइटची ओळ. पीकचं गणित केलं तर ६५५३५. चिप्सवर बोट ठेवून बघितलं, कोमट, कुठलीच भाजत नाही. काका खूश, काकू खूश, चहा झाला.

खरं प्रकरण इथून सुरू होतं.

काकांची जुनी यादी डायरीत होती, ती मी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये टाइप करून एका मोठ्या स्ट्रिंग अ‍ॅरेमध्ये भरून ठेवली होती, सहाशे नोंदी, प्रत्येकी चाळीस अक्षरं, म्हणजे २४००० बाइट, जे १६के मशीनमध्ये शक्यच नाही. ती फाइल आवाजात बदलली आणि फोनवरून इअर सॉकेटमध्ये वाजवली, सव्वादोन मिनिटांच्या आसपास किंचाळून झाल्यावर लोड झाली. यादी छापायला लावली. सुरुवातीच्या नोंदी एकदम बरोबर. मग पुढे कुठेतरी एका आडनावाच्या मधलंच अक्षर कॅपिटल. मग एका जागी दोन शब्दांच्या मधे मोकळी जागा असायच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. आणि मग एक फोन नंबर अर्धा छापून मशीन थांबलंच, खाली एरर: के, इनव्हॅलिड कलर.

काका म्हणाले, "फोन नंबरात कलर कुठून आला रे?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तरही त्यातच होतं. लहान ए चा कोड ९७, कॅपिटल ए चा ६५, फरक ३२. स्पेसचा कोड ३२, त्यातून ३२ गेले की शून्य, आणि स्पेक्ट्रम शून्य कोडचं अक्षर प्रश्नचिन्ह म्हणून छापतो. आकड्यांचे कोड ४८ पासून सुरू, त्यातून ३२ गेले की १६ पासून पुढचे, आणि स्पेक्ट्रममध्ये १६ म्हणजे इंक, १७ म्हणजे पेपर, १८ फ्लॅश, १९ ब्राइट. म्हणजे फोन नंबरातला ० मशीनला "शाईचा रंग बदल" असा वाचला गेला, पुढचा आकडा त्याला रंगाचा नंबर वाटला, आणि ५३ वगैरे नंबरचा रंग नसतोच, म्हणून इनव्हॅलिड कलर. तिन्ही लक्षणं एकच गोष्ट सांगतात की ३२ किमतीचं बिट, म्हणजे शून्यापासून मोजलं तर पाचवं बिट, काही जागी १ लिहिलं तरी ० च वाचलं जातंय. कॅपिटल इंग्रजी अक्षरांमध्ये ते बिट मुळातच ० असतं, म्हणून नावांची पहिली अक्षरं कुठेच बिघडली नव्हती. यादी सगळी कॅपिटलमध्ये टाइप केली असती तर निम्मा पुरावाच मिळाला नसता.

पण मग मशीनने सुरू होताना ६५५३५ कसं सांगितलं? रॉममध्ये मेमरी तपासणी आहे ना? आहे, पण ती कशी आहे बघा. सुरू होताना रॉम वरच्या पत्त्यापासून खाली येत प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो (त्या लाल रेघा म्हणजे तेच, २ म्हणजे बायनरीत एक उभी रेघ). मग खालून वर जात प्रत्येक बाइटमधून एक वजा करतो, शून्य आलं तर गडबड, पुन्हा एक वजा करतो, आता शून्य आलं नाही तर गडबड. गडबड दिसली की एरर वगैरे काही देत नाही, मेमरी इथपर्यंतच आहे असं धरतो आणि पुढे चालू लागतो. १६के आणि ४८के मधला फरक त्याला असाच कळतो, त्या कामासाठी हे झकास आहे. पण या सगळ्यात बाइटची किंमत २, १ आणि ० एवढीच होते. म्हणजे खालची दोन बिटं सोडली तर वरच्या सहा बिटांत फक्त शून्यच लिहिलं जातं. त्या सहांपैकी एखादं बिट शून्यावरच चिकटलेलं असेल तर या परीक्षेत ते पैकीच्या पैकी मार्क घेणार. उलट १ वर चिकटलेलं असतं तर लगेच पकडलं गेलं असतं आणि मेमरी मधेच संपलेली दिसली असती. आजही लोक ६५५३५ बघतात आणि झाकण लावून टाकतात, माझ्या मते ते पुरेसं नाही.

म्हणून बेसिकमध्येच छोटी तपासणी लिहिली. आधी क्लिअर ३२७६७, कारण ४८के दिसल्यावर मशीन आपला स्टॅक (स्वतःच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) अगदी वर नेऊन ठेवतं, आपण तिथे पोक करत, म्हणजे किंमत लिहीत, गेलो तर प्रोग्राम स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार. क्लिअर दिलं की स्टॅक खालच्या रॅममध्ये येतो. मग ३२७६८ पासून प्रत्येक पत्त्यावर २५५ पोक करायचं, पीक करून वेगळं आलं तर पत्ता आणि किंमत छापायची, मग शून्याने तेच. सिंक्लेअर बेसिक संथ आहे, सगळे पत्ते होईपर्यंत काकूंच्या पोळ्या लाटून झाल्या.

छापून आलं ते असं: ३२८५१ ला २२३, ३२९७९ ला २२३, ३३१०७ ला २२३, आणि असंच पुढे. किंमत सगळीकडे २२३, म्हणजे २५५ वजा ३२, पाचवं बिट पक्कं. आणि पत्त्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी १२८. हे अंतर फार बोलकं आहे. या रॅममधली माहिती सतत ताजी (रिफ्रेश) करत राहावी लागते, नाहीतर ती विरते, आणि झेड८० ज्या पद्धतीने हे करतो त्यात रांगेचा नंबर पत्त्याच्या खालच्या सात बिटांतून येतो, म्हणजे रांगा १२८, आणि एकाच रांगेतल्या सगळ्या जागा पत्त्यांच्या हिशोबात १२८-१२८ च्या अंतरावर येतात. म्हणजे एका चिपमधली एक अख्खी रांग मेलेली. सॉकेटचा संपर्क ढिला असता तर असा नियमित पॅटर्न आला नसता, कुठेही काहीही आलं असतं, किंवा सगळ्याच पत्त्यांवर ते बिट गेलं असतं.

चिप कुठली ते शोधायला मीटर पुरतो. मशीन बंद, मीटर कंटिन्युइटीवर, एक टोक झेड८० च्या ९ नंबरच्या पायावर, तो डी५ म्हणजे डेटाच्या पाचव्या बिटचा पाय, आणि दुसरं टोक एकेका रॅमच्या २ नंबरच्या पायावर. बोर्डावर आयसी२० असा नंबर असलेल्या चिपवर बीप आला, त्याच्याच १४ नंबरवर पण, कारण डेटा आत जायचा आणि बाहेर यायचा पाय इथे एकत्र जोडलेले असतात. तरी खात्रीसाठी आयसी१९ आणि आयसी२० ची अदलाबदल केली आणि तपासणीतले पहिले काही पत्ते पुन्हा चालवले. तेच पत्ते, पण आता २३९, म्हणजे २५५ वजा १६. दोष चिपबरोबर शेजारी गेला. सॉकेट निर्दोष, बोर्ड निर्दोष, लॉजिक निर्दोष.

ती चिप बाहेर काढून उजेडात तिरपी धरली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितली. टीएमएस ४५३२-२०एनएल३. ३! बाकी सात ४ वाल्या आणि ही एकटी ३ वाली, शेवटचा आकडा एवढा पुसट की सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही. किट बांधताना कोणीतरी वेगळ्या नळीतली एक चिप घातली असणार, चाळीस वर्षांपूर्वीचा विषय, आता कोणाला विचारणार. लिंक ४ ची असल्यामुळे आठही चिप्सचं जे अर्धं वापरलं जात होतं ते सात जणींचं चांगलं आणि हिचं नेमकं नापास झालेलं. आणि नापास म्हणजे अख्खं मेलेलं नव्हे हे पण लक्षात घ्या. कारखान्यात एक रांग जरी गेली तरी ते अर्धं बाद धरलं जायचं. म्हणून ३२७६८ पैकी फक्त २५६ पत्ते बिघडलेले, आणि ते सुद्धा शून्याकडे, आणि ते सुद्धा रॉम बघतच नाही अशा बिटात. गेम लोड केला असता तर मशीन कधीतरी मधेच अडकलं असतं आणि आपण पॉवर सप्लायला शिव्या देत बसलो असतो. मशीन कोडमध्ये २१ हेक्स म्हणजे प्रोसेसरच्या एचएल नावाच्या खोक्यात आकडा भर, त्यातलं पाचवं बिट गेलं की ०१ होतं, म्हणजे बीसी नावाच्या खोक्यात भर. सूचना वैधच राहते, फक्त चुकीच्या खोक्यात माल जातो, पुढे काय होईल याचा नेम नाही.

इलाज दोन होते. एक, दुसरी ४ वाली ४५३२ शोधायची, जी आता मिळणं कठीण आणि मिळाली तरी महाग. दोन, पूर्ण चांगली ४१६४ घालायची. तिचे पाय तसेच, सप्लाय तोच, आणि दोन्ही अर्धी चांगली असल्यामुळे लिंक कुठेही असली तरी तिला फरक पडत नाही. फक्त एक पथ्य. झेड८० चा रिफ्रेशचा काउंटर सात बिटांचा आहे, म्हणजे तो १२८ रांगाच ताज्या करतो, आणि टीआयची स्वतःची टीएमएस ४१६४ डेटाशीटप्रमाणे २५६ रांगांचा रिफ्रेश मागते. म्हणून १२८ रिफ्रेशवाली एनईसीची ४१६४ घेतली, वेग २०० नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी असला की चालतो, माझ्याकडची १५० ची होती. जुन्या चिप्स विकणाऱ्यांकडे "४१६४" एवढंच बघून घेऊ नका, कंपनी आणि पुढचा आकडा वाचा, घासून नवीन छाप मारलेला माल पण फिरतो.

आयसी१९ ची मूळ चिप जागेवर परत, आयसी२० ला एनईसी. पूर्ण तपासणी पुन्हा: २५५ ला काही छापलं नाही, ० ला काही छापलं नाही. मग आणखी एक, प्रत्येक पत्त्यात पत्त्याच्याच खालच्या आठ बिटांची किंमत भरून, पाच मिनिटं मशीन तसंच सोडून, मग वाचून बघितली, म्हणजे रिफ्रेश खरंच पोचतोय ना ते कळतं. सगळं जागच्या जागी. यादी लोड केली, सहाशे नोंदी शेवटपर्यंत छापल्या, इनव्हॅलिड कलर नाही. काकांना त्यात एक जण सापडला जो १९८३ ची वर्गणी देणं लागतो, त्याला फोन करायचा विचार चालू आहे.

उरलेल्या सात चिप्स पण बदलून टाकू का, असं काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या तपासणीत पास आहेत, आणि चालणारा जुना माल उगाच उपसण्यात अर्थ नाही, प्रत्येक वेळी काढघाल केली की सॉकेट थोडा सैल होतो आणि पाय थोडे थकतात. व्होल्टेज रेग्युलेटरवर मात्र लक्ष ठेवायला सांगितलंय, बारा चिप्स वाढल्या म्हणजे ७८०५ वर भार वाढला, त्याचा पत्रा आधीपेक्षा जास्त तापतो, तेवढं अपेक्षित आहे, पण तासभर चालवून चित्र थरथरायला लागलं तर बंद करून मला कळवा म्हटलं. एक जादा ४१६४ पिशवीत ठेवली, ३ वाली चिप वेगळ्या फोममध्ये, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: लिंक टीआय ४ वर, आयसी२० ला ४१६४, एनएल३ घालू नये.